टिकी : पूर्वजप्रतिमा, पदक आणि हस्तकोरीव छंदकला – एक विवेचन

गोषवारा : पॅसिफिक महासागरातील पॉलिनेशियन समाजांची 'टिकी' ही पूर्वजप्रतिमा आज जगभरातील हौशी कारागिरांच्या कोरीवकामाचा विषय झाली आहे. लाकडी मूर्ती आणि गळ्यात घालावयाची पदके या दोन्ही रूपांत ती घडविली जाते. प्रस्तुत लेखात या प्रतिमेचे मूळ, माध्यम व हत्यारे यांचा तिच्या रूपाशी असलेला संबंध, हाताने कोरण्याची पद्धती आणि रूपाच्या अधिकाराचा प्रश्न यांचा विचार केला आहे. कोरण्याचे कौशल्य सर्वांना खुले असले, तरी प्रत्येक रूप सर्वांना सारखेच खुले असते असे नाही, हे या लेखाचे मुख्य प्रतिपादन आहे.

बीजशब्द : टिकी, हेई-टिकी, पॉलिनेशिया, काष्ठकोरीव, पौनामू, छंदकला, सांस्कृतिक वारसा.

१. प्रस्तावना

हस्तकलेचे शिक्षण देताना 'वस्तू कशी करावी' या प्रश्नाला आपण पुरेसे महत्त्व देतो. 'ही वस्तू मुळात कोणाची, कशासाठी आणि कोणत्या नियमांनी केली जात असे' हा प्रश्न मात्र बहुधा इतिहासाच्या किंवा मानवशास्त्राच्या अभ्यासकांवर सोपविला जातो. ही विभागणी सोयीची असली तरी योग्य नाही, कारण वस्तूचे रूप, तिचे माध्यम आणि तिच्यामागील श्रद्धा ही एकमेकांत गुंतलेली असतात. टिकी हे या गुंतवणुकीचे अत्यंत बोलके उदाहरण होय.

मराठी वाचकाला 'टिक्की' या शब्दाने खाद्यपदार्थ आठवेल, तर 'टीक' म्हटल्यावर गळ्यातील दागिना. प्रस्तुत शब्दाचा या दोहोंशी संबंध नाही. हा शब्द पॉलिनेशियन भाषाकुलातील असून कॉन-टिकी या तराफ्यामुळे तो आपल्याकडील अनेकांच्या कानांवरून गेलेला आहे. थॉर हेयर्डाल यांनी १९४७ मध्ये पेरूहून पॉलिनेशियापर्यंत १०१ दिवसांचा प्रवास याच तराफ्यावरून केला होता.

२. संज्ञा आणि मूळ

न्यूझीलंडमधील माओरी भाषेत आणि मार्केसस द्वीपसमूहात 'टिकी', ताहितीत 'टिइ' आणि हवाईमध्ये 'किइ' अशी या शब्दाची रूपे आढळतात. हवाई भाषेत मूळ 'ट'चा 'क' झाला आणि मूळ 'क' कंठस्थ विरामात लोपला, हे लक्षात घेतले म्हणजे ही सर्व रूपे एकाच शब्दाची आहेत हे स्पष्ट होते. माओरी परंपरेतील अनेक कथांत टिकी हा पहिला मानव मानला जातो. त्याचबरोबर लाकडात, दगडात किंवा हाडात कोरलेल्या मानवाकृतीलाही टिकी म्हणतात. म्हणजेच हा शब्द एकाच वेळी पूर्वजाचे नाव आणि प्रतिमेचे नाव आहे.

या प्रतिमांचे प्रादेशिक भेद ठळक आहेत. मार्केससमधील टिकीचे डोके शरीराच्या मानाने फार मोठे, डोळे वाटोळे व विशाल, तोंड रुंद, हात पोटावर टेकलेले आणि गुडघे किंचित वाकलेले असतात. हिवा ओआ बेटावरील पुआमाऊ येथील 'ताकाई' ही पाषाणप्रतिमा अडीच मीटरांहून उंच असून फ्रेंच पॉलिनेशियातील सर्वांत मोठ्या टिकींमध्ये तिची गणना होते. या द्वीपसमूहाचा समावेश जागतिक वारसा यादीत २०२४ साली झाला. तो निर्णय ज्या अधिवेशनात झाला, ते जागतिक वारसा समितीचे ४६ वे अधिवेशन नवी दिल्ली येथे भरले होते.

हवाईमधील मंदिरप्रतिमा याहून उग्र आहेत. १८१९ मध्ये तेथील राजसत्तेनेच जुनी निषेधव्यवस्था मोडीत काढली आणि बहुसंख्य प्रतिमा नष्ट करण्यात आल्या. 'कू' या देवतेच्या भव्य काष्ठमूर्तींपैकी केवळ तीन आज उरल्या असून त्या होनोलुलू, सेलम (अमेरिका) आणि लंडन येथील संग्रहालयांत आहेत. २०१० मध्ये त्या तिन्ही होनोलुलूच्या बिशप संग्रहालयात प्रदर्शनानिमित्त एकत्र आल्या. आज जगभर लाखो टिकी विकल्या जात असताना मूळ मंदिरमूर्ती अशा बोटांवर मोजण्याइतक्या उराव्यात, ही विसंगती अभ्यासकाने नजरेआड करू नये.

३. माध्यम, हत्यार आणि रूप

लोखंड येण्यापूर्वी पॉलिनेशियन कारागिराचे प्रमुख हत्यार 'टोकी' हे होते. टोकी म्हणजे आपल्याकडील सुताराच्या वाकसासारखे, परंतु दगडी पात्याचे हत्यार. त्याच्या जोडीला दगडी पटाशा, शिंपल्यांच्या धारा, शार्क माशाचे दात आणि दोरीने फिरवावयाचा सामता असे. वाकसाने तासलेल्या लाकडावर मोठे, भरीव, एकमेकांना कोनात भिडणारे पृष्ठभाग उमटतात. टिकीचे जाड ओठ, खोल भुवया आणि ठोकळेबाज पाय यांच्यामागे श्रद्धेइतकाच या हत्याराचाही वाटा आहे.

लाकडाची निवड प्रदेशानुसार बदलत असे. न्यूझीलंडमध्ये टोटारा, हवाईमधील मंदिरमूर्तींसाठी ओहिया, तर मार्केससमध्ये 'तेमानू' आणि 'मिओ' ही झाडे विशेष मानली जातात. यांतील शेवटची दोन आपल्याला परकी नाहीत. तेमानू म्हणजे कोकणपट्टीवरील उंडी आणि मिओ म्हणजे पारोसा पिंपळ. समुद्रकाठी वाढणारी ही झाडे हिंदी महासागरापासून पॅसिफिकपर्यंत पसरलेली आहेत. ज्या झाडाच्या बियांचे तेल कोकणात दिव्यासाठी वापरले जाई, त्याच जातीच्या लाकडात मार्केससचा कारागीर आजही टिकी कोरतो.

माध्यमाने रूप कसे घडते, याचे सर्वांत सूक्ष्म उदाहरण 'हेई-टिकी' या माओरी पदकात दिसते. 'हेई' म्हणजे गळ्यात अडकविण्याची वस्तू. उत्तम हेई-टिकी 'पौनामू' या हिरव्या दगडाचे असते. न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर सापडणाऱ्या या दगडाचा बहुतांश प्रकार नेफ्राइट होय. त्याची कठिनता मोहस् मापनश्रेणीवर ६ ते ६.५ असते. ही कठिनता साधारण पोलादाच्या जवळपासची आहे, म्हणून चाकू किंवा पटाशी त्यावर चालत नाही. शिवाय त्याचे सूक्ष्म तंतू एकमेकांत विणलेले असल्यामुळे तो सहजी फुटतही नाही. तो केवळ घासून घडविता येतो. वाळूतील स्फटिकाची कठिनता ७ असते, त्यामुळे वालुकाश्माची पट्टी, पाणी आणि संयम या तीन साधनांनी माओरी कारागिरांनी हे काम साधले. एका पदकासाठी अनेक महिने लागत. छिद्र दोन्ही बाजूंनी पाडले जात असल्याने ते मध्यभागी अरुंद आणि तोंडाशी रुंद, डमरूसारखे होई.

हेई-टिकीची मान एका बाजूला कललेली असते. ही आकृती गर्भाची आहे, ती प्रसूतीशी संबंधित 'हिने-ते-इवाइवा' या देवतेचे स्मरण करून देते, आयताकृती दगडी पात्यातून जास्तीत जास्त मोठी मूर्ती काढण्यासाठी मान वळवावी लागली, अशी विविध मते मांडली गेली आहेत. जुन्या टोकीच्या पात्यांपासून अनेक पदके घडविली गेली, हे मात्र उपलब्ध वस्तूंवरून दिसून येते. घरातले हत्यारच पुढे घरातला पूर्वज झाले.

या पदकांचे एक वैशिष्ट्य विशेष नोंदविण्यासारखे आहे. पिढ्यान्‌पिढ्या वापरल्यामुळे दोरीचे छिद्र झिजत झिजत काठापर्यंत जाते आणि तुटते. मग शेजारी नवे छिद्र पाडले जाते. संग्रहालयातील काही हेई-टिकींवर अशी झीज स्पष्ट दिसते. मृत व्यक्तीसोबत ते पुरले जाई आणि कालांतराने पुन्हा काढून वारसाच्या स्वाधीन केले जाई. अशा पदकाला नाव असते, कथा असते. त्याची किंमत घडविण्याच्या श्रमात जेवढी असते, त्याहून अधिक ते धारण करणाऱ्यांच्या परंपरेत असते.

४. प्रतिमेचा प्रवास : देवळापासून उपाहारगृहापर्यंत

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात न्यूझीलंडमध्ये पर्यटकांसाठी हेई-टिकी तयार होऊ लागली. पौनामू दगड जर्मनीतील इडार-ओबरश्टाइन या रत्नकामाच्या गावीही जाई आणि तेथे यंत्रावर घडविलेली पदके परत विक्रीस येत. पुढे हीच आकृती प्लास्टिकमध्ये ओतून पर्यटकांच्या आठवणवस्तू तयार होऊ लागल्या.

अमेरिकेत टिकीचा अवतार निराळा झाला. १९३३ च्या सुमारास हॉलिवूडमध्ये 'डॉन द बीचकोंबर' आणि १९३४ मध्ये ओकलंड येथे व्हिक्टर बर्जरन यांचे उपाहारगृह सुरू झाले. त्यांतून दक्षिण समुद्राच्या काल्पनिक वातावरणाची एक शैली जन्मली. दुसऱ्या महायुद्धात पॅसिफिकमध्ये लढून परतलेले सैनिक, १९४७ चे जेम्स मिचनर यांचे 'टेल्स ऑफ द साउथ पॅसिफिक', १९५९ मध्ये हवाईला मिळालेला राज्याचा दर्जा या साऱ्यांनी तिला बळ दिले. १९५६ मध्ये कॅलिफोर्नियात स्थापन झालेल्या 'ओशनिक आर्ट्स' या कार्यशाळेने हॉटेले व करमणूक केंद्रांसाठी असंख्य टिकी कोरल्या. ती २०२१ मध्ये बंद झाली. सत्तरच्या दशकात ओसरलेली ही लाट नव्वदच्या दशकात पुन्हा उसळली. २००० साली प्रसिद्ध झालेल्या स्वेन कर्स्टन यांच्या 'द बुक ऑफ टिकी' या ग्रंथाने तिला इतिहास मिळवून दिला. आजचा हौशी टिकी-कारागीर प्रामुख्याने या दुसऱ्या परंपरेचा वारसदार आहे, आणि बहुतेक वेळा त्याला पहिल्या परंपरेची ओळख नसते.

या अमेरिकन शैलीचे रूपही माध्यमानेच ठरविले. तेथील हौशी कारागीर मुख्यतः ताडवर्गीय झाडांची खोडे वापरतात. ही झाडे एकदल असल्याने त्यांच्या खोडात वार्षिक वलये नसतात. बाहेरच्या भागात चिवट तंतूंचे दाट जुडगे आणि आत मऊ गर असतो. नारळाच्या खोडाचे वासे हाताळलेल्या कोकणातील माणसाला हे सांगावे लागणार नाही. अशा लाकडात बारीक नक्षी टिकत नाही, तंतू उसवतात. म्हणून कारागीर रुंद व खोल चरांवर भर देतो. अमेरिकन टिकीचा तो ओबडधोबड, दात विचकणारा चेहरा असा खोडाच्या स्वभावातून आलेला आहे.

५. लाकडी मूर्ती कोरण्याची पद्धती

नवशिक्याने सुमारे एक वीत उंचीच्या मूर्तीपासून आरंभ करावा. आपल्याकडे शिवणीचे लाकूड या कामास चांगले. ते मऊ असून वाळल्यावर फारसे वेडेवाकडे होत नाही. कामाचे टप्पे पुढीलप्रमाणे सांगता येतील.

१) आखणी : ठोकळ्याच्या समोरच्या व बाजूच्या पृष्ठभागावर आकृती काढावी आणि चहूबाजूंनी मध्यरेषा आखावी. डोके, धड व पाय यांचे साधारण तीन समान भाग धरावेत. कोरताना मध्यरेषा पुसली गेली, की ती तत्काळ पुन्हा आखावी.

२) छेद : हनुवटीखाली, हातांखाली आणि गुडघ्यांवर करवतीने आडवे छेद द्यावेत. पटाशी घसरली तरी ती या छेदाशी थांबते आणि पलीकडचे लाकूड सुटत नाही.

३) ढोबळ घडण : रुंद पटाशीने लाकूड छेदाच्या दिशेने उतरवावे. नाकाचे टोक आणि ओठ हे सर्वांत उंच भाग प्रथम निश्चित करावेत. लाकूड काढता येते, परत लावता येत नाही, हे या टप्प्यावर सतत ध्यानी ठेवावे लागते.

४) गोलाई : गोल पटाशीने डोळ्यांच्या खोबणी, पोट व खांदे यांना आकार द्यावा. तंतूंच्या दिशेने उतारावर कापल्यास पृष्ठभाग गुळगुळीत येतो. उलट दिशेने कापल्यास ढलपी खोल उचकटते.

५) अखेरची सफाई : धार उत्तम असेल तर पॉलिश पेपरची गरज अल्प पडते. हत्याराच्या खुणा काही ठिकाणी राहू द्याव्यात. शेवटी जवसाचे तेल पातळ हाताने लावावे.

काम करताना ठोकळा शिकंज्यात किंवा पकडीत आवळलेला असावा आणि दोन्ही हात धारेच्या मागे असावेत. बोथट पटाशी अधिक जोर मागते आणि म्हणून अधिक धोकादायक ठरते.

६. पदक घडविण्याची पद्धती

पदकासाठी हौशी कारागीर हाड, शिंपला, कठीण लाकूड किंवा करवंटी वापरतात. हस्तिदंताचा व्यापार आपल्याकडे वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ व त्यातील नंतरच्या सुधारणांन्वये निषिद्ध आहे, हे विद्यार्थ्यांना आरंभीच सांगणे इष्ट. महाविद्यालयीन वर्गासाठी करवंटी हे सर्वांत निर्वेध व सहज मिळणारे माध्यम होय.

प्रथम बाहेरची शेंडी व आतला खोबऱ्याचा अंश खरवडून करवंटी स्वच्छ करावी आणि तिच्यावर आकृती उतरवून घ्यावी. दोरीचे छिद्र कोरीवकामाच्या आधीच पाडावे. सर्व नक्षी झाल्यावर छिद्र पाडताना तुकडा फुटला, तर सगळे श्रम वाया जातात. बाह्यरेषा बारीक पात्याच्या करवतीने कापून कानशीने आकार आणावा. आतील रेषा टोकदार कोरणीने हळूहळू खोल कराव्यात. मग जाड, मध्यम व बारीक अशा क्रमाने पॉलिश पेपर पाण्यात भिजवून वापरावा. मागील कागदाचे ओरखडे पूर्ण गेल्याखेरीज पुढचा कागद घेऊ नये. शेवटी सुती कापडाने घासून चकाकी आणावी.

हाड, शिंपला किंवा दगड यांची धूळ फुप्फुसांस अपायकारक असते. म्हणून हे काम ओले ठेवून, मुखपट्टी लावून आणि मोकळ्या हवेत करावे. दगडी पदकासाठी आज हिऱ्याच्या भुकटीची फिरती चाके वापरतात, तरीही पाणी आणि संयम यांची गरज कमी झालेली नाही.

७. रूपाचा अधिकार

येथवर वर्णिलेले कौशल्य कोणालाही आत्मसात करता येईल. प्रश्न रूपाचा आहे. माओरी समाजाने हा प्रश्न स्पष्टपणे मांडला आहे. १९२६ च्या कायद्यान्वये, अपिराना न्गाटा यांच्या पुढाकाराने, रोटोरुआ येथे माओरी कलांचे विद्यालय उभे राहिले. कोरीवकाम जाणणारे मोजकेच उरले असताना ते नव्या पिढीकडे सोपविणे हा त्यामागील हेतू होता. या विद्यालयाच्या आरंभीच्या काळात पिने ताइआपा या तरुण कारागिराला जाणवले, की आपण पटाशी चालवितो, परंतु टोकी चालविण्याचे ज्ञान हातून निसटले आहे. ते त्याने एरामिहा कापुआ या वृद्ध कारागिराकडून मिळविले. रूप ग्रंथांत आणि संग्रहालयांत उरते; हाताची सवय मात्र माणसाकडून माणसाकडेच जाते, हे या घटनेतून दिसते.

पुढे १९९७ च्या कायद्याने नैसर्गिक पौनामूची मालकी न्गाई ताहू या जमातीकडे सोपविण्यात आली. त्याआधी १९९१ मध्ये दाखल झालेल्या 'वाय २६२' या दाव्यात माओरी ज्ञान व कलारूपे यांच्यावरील हक्काचा प्रश्न वायटांगी न्यायाधिकरणापुढे आला होता. २०११ च्या आपल्या अहवालात न्यायाधिकरणाने एक उपयुक्त भेद केला. ज्या कृतीला विशिष्ट वंशपरंपरा, कथा आणि राखणदार समूह आहे ती 'ताओंगा-कृती', आणि जी केवळ माओरी शैलीपासून स्फूर्ती घेते ती 'ताओंगा-जन्य कृती'. पहिलीच्या व्यापारी वापरासाठी राखणदारांचा विचार वा संमती घ्यावी. दुसरीसाठी संमती आवश्यक नाही. मात्र दोहोंचाही अवमानकारक सार्वजनिक वापर होऊ नये, असा त्या शिफारशींचा आशय आहे.

हा भेद आपल्यालाही परिचित वाटावा. वारली समाजात विवाहप्रसंगी सवाशिणी भिंतीवर जो चौक रेखाटतात, तो त्या विधीचा भाग असतो. आज वारली आकृत्या साड्यांवर, कपांवर, भिंतीच्या रंगकामात सर्वत्र दिसतात. वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकनही लाभले आहे. परंतु मानांकन मालाच्या नावाचे रक्षण करते. चौक आणि शोभेची नक्षी यांतील अंतर ते राखू शकत नाही. ते अंतर राखण्याची जबाबदारी रेखाटणाऱ्याच्या आणि शिकविणाऱ्याच्या विवेकावर येते.

८. शिक्षकांसाठी काही सूचना

महाविद्यालयीन छंदवर्गात टिकी हा विषय घ्यावयाचा झाल्यास पुढील मर्यादा पाळता येतील, असे प्रस्तुत लेखकाला वाटते.

– संग्रहालयातील विशिष्ट मूर्तीची किंवा नावाने ओळखल्या जाणाऱ्या पदकाची हुबेहूब प्रतिकृती करण्याऐवजी मोठे डोके, जाड रेषा, भरीव पृष्ठभाग यांसारखी घडणीची तत्त्वे शिकवावीत आणि आकृती विद्यार्थ्याने स्वतः रचावी.
– अभ्यासासाठी प्रतिकृती केलीच, तर तिच्यासोबत मूळ समाज, प्रदेश व मूळ वस्तूचा निर्देश लिहून ठेवावा. ती विक्रीस ठेवू नये.
– 'टिकी' हे सरसकट नाव टाळून मार्केसस, हवाई, माओरी आणि अमेरिकन शैली यांतील भेद विद्यार्थ्यांना सांगावेत.
– पूर्वजप्रतिमेचा वापर पेला, राखपात्र वा पादत्राण यांसारख्या वस्तूंवर करू नये. आपल्या कुलदैवताच्या टाकाबाबत जे आपणांस रुचणार नाही, ते इतरांच्या पूर्वजांबाबतही करू नये.

९. समारोप

टिकीच्या कोरीवकामात लाकूड, हत्यार आणि हात यांचा संवाद शिकावयास मिळतो, आणि तो शिकण्यास कोणत्याही समाजाची आडकाठी नाही. पॉलिनेशियन कारागिरांनीही लोखंडी हत्यारे बाहेरून स्वीकारली आणि त्यांतून आपली कला अधिक सूक्ष्म केली. कौशल्ये अशीच प्रवास करतात. रूपे मात्र माणसांशी, नावांशी आणि मृतांच्या स्मृतीशी बांधलेली असू शकतात. ती गाठ कोठे आहे हे जाणणे हा कलाशिक्षणाचाच भाग मानला पाहिजे. पटाशी कोणत्या दिशेने चालवावी हे विद्यार्थ्याला लाकडाचे तंतू सांगतात. ती कोठे थांबवावी हे सांगण्याची जबाबदारी शिक्षकाची आहे.